सामानापाशी थांबलेल्यांचा वाटा

आजचा शास्त्रपाठ : १ शमुवेल ३०:१-२५



आजचा पाठ जरा मोठा आहे, पण पूर्ण वाचा. बसमध्ये, ऑफिसच्या कॅबमध्ये, कुठेही वाचलात तरी चालेल. दहा मिनिटं पुरतात. मग पुढे या. आज मला माझीच एक चूक सांगायची आहे. ती याच अध्यायाने मला दाखवली.

१३ ऑक्टोबर २०२४, रविवार

आमच्या मंडळीत मध्यस्थीची प्रार्थना तरुणांना आळीपाळीने चालवायला देतात. त्या रविवारी माझी पाळी होती. माझ्याकडे एक गूगल डॉक आहे. त्यात सगळे मुद्दे लिहून ठेवलेत : देशाचे राज्यकर्ते, आजारी, विधवा आणि अनाथ, परीक्षेला बसणारी मुलं, आणि "सीमेवर देशाचं रक्षण करणारे जवान". पाळी आली की तेच उघडायचं, एखाददुसरं नाव बदलायचं आणि वाचायचं. इंजिनिअरची सवय, दुसरं काय. चालणाऱ्या कोडला हात लावायचा नाही.

त्या दिवशीही तेच केलं. सीमेवरच्या जवानांसाठी प्रार्थना झाली. सगळे आमेन म्हणाले.

उपासना संपल्यावर बाहेर चहा घेताना मामा भेटले. मामा सैन्यातून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली. नोकरी स्टोअरमध्ये होती, त्यातली बरीच वर्षं देवळालीतच गेली. फार बोलत नाहीत. एवढंच म्हणाले, "सीमेवरच्यांसाठी झाली प्रार्थना. चांगलं झालं. इथल्या पोरांसाठी कोण करणार रे?"

मला आधी कळेचना. मग कळलं, आणि हातातला चहा तसाच राहिला.

तीनच दिवसांपूर्वी, गुरुवारी १० ऑक्टोबरला, देवळालीच्या रेंजवर फायरिंगचा सराव चालू असताना तोफगोळ्याचा स्फोट झाला आणि दोन अग्निवीर गेले. एकाचं वय २०, दुसऱ्याचं २१. हैदराबादच्या तोफखाना केंद्रातून सरावासाठी इथे आले होते. एक गुजरातचा, दुसरा बंगालचा. दोघांची नावं बातमीत होती. मी ती इथे लिहीत नाही, त्यांच्या घरच्यांना मी विचारलेलं नाही. पण देवासमोर ती नावं घ्यायला कोणाची परवानगी लागत नव्हती, आणि तिथेच मी ती घेतली नव्हती.

मी नाशिकरोडला राहतो. वारा त्या बाजूचा असला की रेंजवरच्या तोफांचा आवाज आमच्या गच्चीवर येतो. घरी आलेले पाहुणे दचकतात, आम्ही नाही. बातमी मी वाचली होती. हात जोडलेला इमोजी लावून ग्रुपवर पुढेही पाठवली होती. शनिवारी दसरा होता, सोसायटीत झेंडूची तोरणं लागली, फोटो आले, आणि बातमी वर सरकून गेली. रविवारी मी लांबच्या सीमेसाठी प्रार्थना केली. घराजवळ घडलेलं माझ्या डॉकमध्ये नव्हतं.

त्या रात्री मामांचं वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून बायबल उघडलं आणि सैनिकांच्या दुःखाबद्दल कुठे काय आहे ते शोधायला लागलो. शोधता शोधता सिकलागला पोहोचलो.

सिकलागला काय झालं

दावीद अजून राजा झालेला नाही. शौलापासून पळतोय. गथच्या आखीश राजाने त्याला सिकलाग नावाचं गाव राहायला दिलंय. तिथे त्याची सहाशे माणसं आपापल्या बायकामुलांसह राहतात. म्हणजे आजच्या भाषेत ती एक छावणीच. ही माणसं तीन दिवस चालून घरी येतात आणि बघतात तर गाव जळून गेलंय. अमालेकी लोकांनी छापा घातला, घरं पेटवली, सगळ्यांची बायकामुलं धरून नेली.

चौथं वचन परत वाचा. दावीद आणि त्याच्याबरोबरची माणसं मोठ्याने रडली, अंगात रडायचीही ताकद उरली नाही तोवर रडली.

ही साधी माणसं नव्हती. लढाया बघितलेली, तलवारीला सरावलेली माणसं होती. त्यांचं रडणं शास्त्रलेखकाने लपवलेलं नाही, आणि त्याबद्दल त्यांना दोषही दिलेला नाही. दावीद देवाला "पुढे काय करू?" असं विचारतो ते आठव्या वचनात. त्याआधी रडणं आहे.

आपण हा क्रम उलटा करतो. दुर्घटनेची बातमी आली की आपली पहिली प्रार्थना असते ती समजावून सांगणारी : प्रभू, यात तुझी काहीतरी योजना असेल. किंवा मग घोषणा देणारी. दोन्हींत एक सोय असते, आपल्याला त्या दुःखापाशी बसावं लागत नाही. ईयोबाच्या मित्रांना आपण नावं ठेवतो, पण पहिले सात दिवस ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून होते (ईयोब २:१३). ते चुकले ते बोलायला लागल्यावर. आणि आपला प्रभू? लाजराला उठवणार हे त्याला ठाऊक होतं, तरीही तो आधी रडला (योहान ११:३५).

माझ्या कामात काही बंद पडलं की दुसऱ्या दिवशी आम्ही मूळ कारण शोधायला बसतो. कुठे चुकलं, कधी चुकलं, परत होऊ नये म्हणून काय करायचं. ते करायलाच हवं. सैन्यातही अशा घटनेनंतर कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते, आणि तिथे सत्य बाहेर यावं हीदेखील आपली प्रार्थना असली पाहिजे. पण प्रार्थना म्हणजे चौकशी नव्हे. शिलोहातला बुरूज कोसळून अठरा माणसं मेली, ती घटना येशूला माहीत होती (लूक १३:४). ती माणसं इतरांपेक्षा जास्त पापी होती का, हा प्रश्न त्याने स्वतःच काढला आणि स्वतःच "नाही" म्हणून मिटवला. मेलेल्यांवर बोट ठेवायचं नाही. मग तो ऐकणाऱ्यांकडे वळतो : तुम्ही स्वतः देवाकडे वळा. दुर्घटनेची बातमी ऐकल्यावर मला आधी मागायची असते ती माझ्याच मनाची दुरुस्ती.

हातात उचललेले दगड

सहाव्या वचनात गोष्ट अवघड होते. रडून झाल्यावर ती माणसं दावीदाला दगडमार करायची भाषा करू लागली. प्रत्येकाचं मन आपापल्या मुलामुलींसाठी कडू झालं होतं, असं शास्त्र सांगतं.

सैनिकी कुटुंबांच्या दुःखात हा राग असतो आणि आपण तो ऐकायला तयार नसतो. आपल्याला अभिमानाने मान ताठ ठेवणारी आई आवडते. "माझ्या मुलाला काय झालं ते मला नीट सांगा," असं म्हणणारी आई आपल्याला अवघड जाते.

आपल्या नाशिकने हे २०१९ मध्ये बघितलंय. २७ फेब्रुवारीला काश्मीरमध्ये बडगामजवळ हवाई दलाचं एमआय-१७ हेलिकॉप्टर कोसळलं. आतले सहा हवाई योद्धे आणि जमिनीवरचा एक नागरिक, अशी सात माणसं गेली. त्या सहा जणांत नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. इथे त्यांना निरोप द्यायला केवढी गर्दी लोटली होती. काही महिन्यांनी हवाई दलानेच जाहीर केलं, की ते हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पडलं होतं, ती आपली मोठी चूक होती.

आता सांगा, आपल्या गूगल डॉकमधल्या कुठल्या ओळीत हे बसतं? शत्रूने मारलं असतं तर प्रार्थना सोपी होती. आपल्याच हातून झालं तेव्हा शब्द सापडत नाहीत. अशा वेळी घरच्यांसाठी प्रार्थना करायची तशी ज्यांच्या हातून झालं त्यांच्यासाठीही करायची. त्यांनाही रात्री झोप लागायची असते.

त्या दिवसांतली एक गोष्ट मी विसरलेलो नाही. मांडवगणे यांच्या पत्नीने स्वतःच्या दुःखातही लोकांना विनंती केली होती, की सोशल मीडियावर बसून युद्धाची भाषा करू नका. बातमी बघून रात्रभर गरम पोस्ट टाकणाऱ्या आपल्या पिढीला उद्देशूनच ते होतं. मीही त्यात होतो.

दावीदाने काय केलं? त्याने लोकांना गप्प केलं नाही. त्याने देवाच्या ठायी स्वतःला सावरलं आणि अब्याथार याजकाला एफोद आणायला सांगितलं. लोकांचा राग तसाच होता आणि तो घेऊनच दावीद देवासमोर गेला. दुसऱ्याचा राग न सुधारता देवापुढे नेणं, यालाच मध्यस्थी म्हणतात.

बसोर ओहोळापाशी थांबलेले दोनशे

आता या अध्यायाचा गाभा. सहाशे जण पाठलागाला निघाले. बसोर ओहोळापाशी दोनशे जण इतके थकले की त्यांना ओहोळही ओलांडता येईना. ते तिथेच सामानापाशी थांबले, चारशे पुढे गेले.

ही माणसं भित्री नव्हती. तीन दिवसांची चाल, त्यावर जळलेलं घर, त्यावर ते रडणं. शरीर आणि मन दोन्ही संपलं होतं.

इथे आपल्या देवळालीची एक गोष्ट सांगतो. ब्रिटिश काळात इथे सैनिकांचा मोठा कॅम्प होता. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत इथे राहायचे. जहाजं ठरावीक महिन्यांतच सुटायची, म्हणून कित्येकांचे महिनेच्या महिने रिकामे जायचे. उन्हाळा, हिवताप, घरची आठवण. काहींची मनं ढासळायची. त्यावरून इंग्रजी भाषेत डोकं फिरलेल्या माणसाला "डूलॅली" म्हणायची रीत पडली. मूळ शब्द होता "डूलॅली टॅप". डूलॅली म्हणजे देवळाली, आणि टॅप म्हणजे आपला ताप. आपल्या गावाचं नाव परक्या भाषेत सैनिकाच्या खचलेल्या मनाचं नाव झालं, तेही थट्टेने. पुढे काकूलची तोफखाना शाळा देवळालीला आली आणि आज देशभरातले तोफची इथे शिकतात. गोरे शिपाई गेले, पण थकलेलं मन लपवायची आणि त्यावर हसायची सवय गेलेली नाही. जो कोलमडतो तो "कच्चा" ठरतो.

चारशे जण जिंकून परत येतात, तेव्हा त्यांच्यातलेच काही दुष्ट लोक म्हणतात : हे आमच्याबरोबर आले नव्हते, यांना लुटीतलं काही द्यायचं नाही, बायकामुलं घ्यावीत आणि चालू पडावं. दावीद नाही म्हणतो. लढाईत उतरलेल्याला जेवढं, तेवढंच सामान राखणाऱ्यालाही. दोघांना सारखं. आणि एवढ्यावर न थांबता तो हा इस्राएलाचा कायमचा नियमच करून टाकतो.

पण वाटपाआधीचं एकविसावं वचन बघा. दावीद त्या दोनशे जणांजवळ येतो आणि आधी त्यांचं क्षेमकुशल विचारतो. वाटा नंतर.

मला माझी चूक नेमकी इथे दिसली. माझी प्रार्थना त्या चारशेंपुरतीच होती. सीमा, युद्ध, शत्रू असं असेल तर प्रार्थना. सरावात गेलेला, डेपोत गेलेला, स्टोअरमध्ये आयुष्य काढलेला, घरी वाट बघणारा, आतून खचलेला, यांना वाटाच नव्हता.

आपल्या महाराष्ट्रातच बघा. वर्धा जिल्ह्यात पुलगावला सैन्याचा मोठा दारूगोळा डेपो आहे. ३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर तिथे आग लागली. गेलेल्यांत दोन अधिकारी होते, आणि आग विझवायला धावलेले डेपोचे अग्निशमन कर्मचारीही होते. पुन्हा २० नोव्हेंबर २०१८ ला त्याच पुलगावजवळ जुना दारूगोळा निकामी करायच्या जागेवर स्फोट झाला आणि सहा जण गेले. त्यांत आसपासच्या गावांतले रोजंदारीचे मजूर होते. अंगावर वर्दी नाही, छातीवर पदक नाही, पेट्या उतरवायचं काम. सैन्याभोवतीचा समाज म्हणजे हे सगळे. बसोरच्या नियमाने त्यांचाही वाटा सारखाच आहे. सरकारी भरपाईचे नियम वेगळे असतील आणि त्यावर वाद होतील, झालेही. पण प्रार्थनेतला वाटा कमी करायचा अधिकार मला कोणी दिला?

इथे आपली वाट वेगळी होते

खरं सांगायला हवं. सिकलागच्या गोष्टीत शेवटी सगळी बायकामुलं सुखरूप परत मिळतात. कोणी म्हणजे कोणी हरवत नाही. देवळालीचे दोघे परत आले नाहीत. पुलगावचे आले नाहीत. म्हणून हा अध्याय कोणा दुःखी आईला "सगळं परत मिळेल" असं सांगण्यासाठी वापरू नका. तिचं घर अजून चौथ्या वचनात आहे.

आपली आशा दुसरीकडे आहे. सैनिकांच्या हातून मेलेला आणि देवाने उठवलेला जो प्रभू, त्याच्या हाती मेलेलेही हरवत नाहीत. ही आशा आपण जपायची आणि त्यांच्या वतीने धरून ठेवायची. त्यांच्यावर लादायची नाही. या कुटुंबांतली बहुतेक आपल्या विश्वासाची नाहीत. त्यांच्या दुःखाला कधीही "संधी" समजू नका. येशूने शताधिपतीच्या आजारी दासाला बरं केलं (लूक ७), तेव्हा आधी त्याचा धर्म तपासला नाही.

कोणी विचारेल, शांतीच्या राजपुत्राचे लोक आपण, मग लष्करासाठी प्रार्थना कशी? आपण माणसांसाठी प्रार्थना करतो, तोफांसाठी नाही. आणि याच अध्यायात, पाठलागाच्या घाईत, दावीदाची माणसं कोणासाठी थांबली? अमालेकी मालकाने आजारी म्हणून रानात टाकून दिलेल्या एका मिसरी चाकरासाठी. त्याला भाकर, पाणी, अंजिराची ढेप आणि मनुकांचे दोन घड दिले. शत्रूच्या छावणीतला माणूस आधी जेवला. आपल्या प्रार्थनेची हद्द निदान तेवढी तरी असावी.

या आठवड्यात करून बघा

१. बातमी पुढे पाठवायच्या आधी फोन खाली ठेवा आणि पाच मिनिटं गप्प बसा. शब्द नाही आले तरी चालेल.

२. "जवान" असं मोघम म्हणू नका. आई, बाबा, पत्नी, मुलं, बराकीत शेजारच्या खाटेवर झोपणारा मित्र, तो आदेश देणारा अधिकारी, जखमींना उचलणारे, डॉक्टर, सगळ्यांचा वेगळा विचार करून प्रार्थना करा.

३. सैन्यातल्या धर्मगुरूंची आठवण ठेवा. सैन्यात पंडित, ग्रंथी, मौलवी यांच्याबरोबर पाद्रीही नेमलेले असतात आणि त्यांचं प्रशिक्षण पुण्यात होतं. अनेक युनिटांत एकाच छपराखाली सर्व धर्म स्थळ असतं. शोकात बुडालेल्या पोरांजवळ बसायचं काम या माणसांकडे येतं.

४. कॅलेंडरमध्ये रिमाइंडर लावा : चाळीस दिवसांनी, सहा महिन्यांनी, वर्षाने. गर्दी पहिल्या आठवड्यात असते, पोकळी नंतर येते.

५. तुमच्या मंडळीत, सोसायटीत एखादं सैनिकी कुटुंब असेलच. त्यांना "अभिमान वाटतो" म्हणण्याआधी "कसे आहात?" विचारा. दावीदाने आधी क्षेमकुशलच विचारलं होतं.

पाचवा मुद्दा मी आधी स्वतःवर करून बघितला. पुढच्या रविवारी दुपारी मामांकडे गेलो आणि विचारलं, "मामा, तुमच्या वेळी असं काही झालं होतं का?" मामी म्हणाल्या, "हे कधी सांगत नाहीत." मामा बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग एक नाव सांगितलं. फक्त नाव, बाकी काही नाही. मीही पुढे विचारलं नाही. आम्ही तिघांनी त्या नावासाठी प्रार्थना केली. एवढ्या वर्षांत ते नाव त्या घरात पहिल्यांदा मोठ्याने घेतलं गेलं असावं.

डॉकमधली ती ओळ मी काढून टाकली. तिच्या जागी आता रिकामी जागा आहे. पाळी आली की त्या आठवड्यात काय घडलं ते बघून ती हाताने भरायची.

विचार करा

तुमच्या प्रार्थनेत बसोर ओहोळापाशी कोण राहून गेलंय? आणि कोणाचा राग ऐकून घ्यायचं तुम्ही टाळताय?

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू लाजराच्या कबरेपाशी रडलास. ज्यांची मुलं सरावाला गेली आणि परत आली नाहीत, त्यांच्या घरी आज तू बस. त्यांच्या प्रश्नांना आम्ही घाईने उत्तरं देऊ नयेत म्हणून आमच्या तोंडावर पहारा ठेव. ज्यांच्या हातून चूक झाली त्यांना खरं बोलायचं धैर्य दे आणि जगायचं बळ दे. जे आतून थकलेत आणि कोणाला सांगू शकत नाहीत, त्यांना कोणीतरी कच्चा न म्हणणारा भेटू दे. सामान राखणारे, आग विझवणारे, पेट्या उतरवणारे, घरी वाट बघणारे, यांचा वाटा आमच्या प्रार्थनेत कधी कमी पडू देऊ नकोस. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या आयांना शांत झोप दे. आणि पुढच्या वेळी तोफेचा आवाज कानावर आला, की आम्हांला तिथे उभी असलेली मुलं आठवू दे. तुझ्याच नावात मागतो. आमेन.

उद्याचा पाठ : १ शमुवेल ३१. उद्या गिलबोवाच्या डोंगरावर जायचंय. आज रात्री जमलं तर आधी वाचून ठेवा.